वायर हलली नव्हती

सर, आज सकाळपासून सातव्यांदा मी मनगटावर बोटं ठेवली आहेत. तर्जनी आणि मधलं बोट, अंगठा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, मोजताना गफलत होते, हे तुम्ही दरवर्षी बारावीच्या प्रत्येक तुकडीला सांगायचात आणि शेजारी उभी राहून मी मान डोलवायचे. तुम्ही जाऊन अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मी जितक्या वेळा नाडी पाहिली, तितक्या वेळा अख्ख्या नोकरीत पाहिली नसेल. सिटी बसमध्ये पाहते, कुकरची शिट्टी होईपर्यंत पाहते, स्टाफरूममध्ये पदराखाली हात लपवून पाहते. एखादा ठोका जरा उशिरा आल्यासारखा वाटला की पुन्हा पहिल्यापासून मोजते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "देवरे मॅडम, तुम्ही बायोलॉजी शिकवता की बायोलॉजीला भिता?"

दोन्ही, सर. पहिल्यापासून दोन्ही.

हे मी आपल्या प्रयोगशाळेत बसून लिहितेय, तुमच्या खुर्चीत नाही, माझ्याच. कॉलेज सुटलंय, मुलं गेली. तीन वाजलेत. चार वाजता मला तुमच्या घरी जायचंय. काकूंना एक गोष्ट सांगायची आहे. आधी तुम्हाला सांगून बघते. तुमच्यासमोर मी नऊ वर्षं काहीबाही बोलत आले, तुम्ही कधी मला मूर्ख ठरवलं नाही. थट्टा मात्र भरपूर केलीत.

तुम्हाला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी तो भिंतीएवढा टच पॅनल आपल्याकडे आला. निवृत्तीला आलेले लोक अशा गोष्टींना नाकं मुरडतात असा माझा समज होता. आपलं उलटच झालं. तुम्ही लग्नाला निघालेल्या माणसासारखे खूष, आणि तुमच्याहून अठरा वर्षांनी लहान असलेली मी त्याच्याकडे पाठ करून फळ्यावर खडूने शिकवतेय. पहिल्याच दिवशी मी त्याला बोट लावलं आणि वृक्काची आकृती फिरून उलटी झाली, मग इतकी मोठी झाली की पडद्यावर नुसता गुलाबी रंग उरला. पोरं हसली. मी तास संपायच्या आधीच बाहेर पडले. तुम्ही मागोमाग आलात आणि म्हणालात, "मॅडम, घाबरू नका हो. आमच्या सिन्नरच्या म्हशीला हात लावताना घाबरलात तर समजू शकतो. हा चावत नाय."

मग तुम्ही मला शिकवलंत. रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं, डबा खाता खाता. मी सटाण्याची म्हणून तुम्ही मुद्दाम आमच्या बोलीत "काय शे मॅडम?" म्हणून सुरुवात करायचात. तुमचं ते "शे" इतकं चुकीच्या ठिकाणी पडायचं की माझी आई ऐकती तर तिने तुम्हाला घरात घेतलं नसतं. पण त्या दहा मिनिटांमुळे मी आज पॅनल चालू करू शकते, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आभार मानायचे राहून गेले, सर. आता मानते.

तुम्ही मोबाइल रबरबँडने मायक्रोस्कोपच्या तोंडाला बांधलात आणि गोदावरीच्या काठच्या डबक्यातलं पाणी पॅनलवर दाखवलंत, तो तास मला जन्मभर आठवेल. परातीएवढा पॅरामिशियम इकडून तिकडे पोहत गेला आणि वर्ग ओरडला. मागून कोणीतरी विचारलं, "सर, हे पाणी आपण पितो?" तुम्ही म्हणालात, "पिऊ नका म्हणून तर दाखवतोय." मी मागच्या बाकावर बसून मुलांसारखीच हसत होते.

आपलं भांडण व्हायचं ते पॅनलसोबत आलेल्या तयार व्हिडिओंवरून. मला ते आवडायचे. बटण दाबलं की हृदय सुरू, कप्पे उघडतात, झडपा मिटतात, निळं रक्त, लाल रक्त, सगळं जागच्या जागी. कोणी अडचणीचा प्रश्न विचारत नाही आणि माझी फजिती होत नाही. तुम्हाला त्याचा राग यायचा. "मॅडम, तुमच्या या व्हिडिओतलं हृदय कधी आजारी पडत नाही." मी म्हणायचे, "सर, परीक्षेतही पडत नाही." तुम्ही खूप हसायचात, आणि पुढच्या तासाला जिवंत काहीतरी घेऊन यायचात.

दुसरं भांडण जर्नलांचं. खरं म्हणजे हेच मोठं. बाहेरचा परीक्षक येतो, जर्नल चाळतो, त्याला सगळं नीटनेटकं दिसलं पाहिजे, हे मी माझ्या बीएडच्या मॅडमांकडून शिकले. म्हणून वर्षानुवर्षं आपल्याकडे नाडीच्या पानावर प्रत्येक मुलामुलीचे ठोके मिनिटाला बहात्तर असतात. मोजायचं कोणी नाही, मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवायचं. तुम्ही एकदा पंधरावीस जर्नलं माझ्यासमोर आपटलीत. "सगळी हृदयं एकाच कारखान्यातनं आली का? एकशे दहा असेल तर एकशे दहा लिहू द्या की! जे ऐकलं ते लिहा, जे ऐकू यायला पाहिजे ते नाही." मी म्हणाले, मुलांचे मार्क गेले तर तुम्ही देणार का. तुम्ही जर्नलं गोळा करून पुन्हा रचून ठेवलीत. मला वाटलं मी जिंकले.

आता त्या मंगळवारी या, सर. मला यायचं नाहीये, पण या.

तुम्ही एम. जी. रोडवरून कॉलर माइक आणला, जुन्या स्टेथोस्कोपची नळी कापून तिच्यात तो बसवला, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि लांबलचक वायर थेट पॅनलला. ती चकती छातीला लावली की ठोका पॅनलच्या स्पीकरमधून घुमायचा आणि पडद्यावर हिरवी रेघ उडायची. लब-डब, लब-डब. पुस्तकातला शब्द अख्ख्या वर्गाने कानांनी ऐकला. आधी चार मुलांचे ठोके ऐकले. मग वर्ग ओरडायला लागला, सर तुमचं, सर तुमचं. तुम्ही शर्टाचं वरचं बटण काढून चकती आत सरकवलीत आणि पॅनलवर आवाजाची नोंद साठवायला ठेवलीत, कारण तुम्ही सगळंच साठवून ठेवायचात.

लब-डब, लब-डब, लब-डब, लब-डब. आणि मग काहीच नाही.

फार नाही, सर. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ. हिरवी रेघ आडवी गेली. मग एक दणकट ठोका आला आणि पुन्हा नीट सुरू झालं. मला वाटलं माझेच कान वाजले. पण थोड्या वेळाने पुन्हा तसंच. आणि तिसऱ्या बाकावरून वैशाली भोयेने हात वर केला. हरसूलची, वसतिगृहात राहणारी, वर्षभरात चार वाक्यं बोललेली मुलगी. ती उभी राहून म्हणाली, "सर, मधी येक ठोका नाय पडत."

तुम्ही पडद्याकडे पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. मला त्या पाहण्याचा अर्थ अजून लागत नाही. तुम्ही मला विचारत होतात का? की गप्प राहा म्हणत होतात? मी तुमच्याकडे बघितलं, पंचेचाळीस मुलांकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "वायर हलली असेल."

तुम्ही वायर दाबलीत. नशिबाने म्हणा की दुर्दैवाने, नंतरचे पंधरावीस ठोके अगदी नीट पडले. "बघा, वायरच होती," मी म्हणाले, आणि तुम्ही हसून बटण लावलंत, "माझं हृदय मधेच चहाला गेलं होतं." वर्ग हसला. मीही हसले. इतकं मोकळं मी कित्येक दिवसांत हसले नव्हते. चार वर्षं ज्या यंत्रावर मी कधी विश्वास ठेवला नाही, त्याने एकदाच खरं सांगितलं तर मी त्यालाच खोटं पाडलं. मशीनची मला भीती वाटायची असं सगळे समजतात. खरं तर मला ते काय सांगेल याची भीती वाटते.

पुढचं आणखी वाईट आहे. शुक्रवारी मी जर्नलं तपासत होते. उपक्रम दोघांनी घेतला म्हणून पानावर दोघांच्या सह्या हव्या होत्या, आधी माझी, मग तुमची. सगळ्यांनी बहात्तर, नियमित असं लिहिलं होतं. वैशालीच्या पानावर तिच्या गोल अक्षरात होतं: "बोडके सर – ठोके अनियमित. काही ठोक्यांनंतर एक सुटतो. दोनदा ऐकलं." मी लाल पेन घेतलं आणि त्यावर रेघ मारली. वर लिहिलं, "नियमित, ७२." खाली सही. माझी पूर्ण सही, सर, घाईघाईची नाही. मग ती जर्नलं तुमच्या टेबलावर ठेवली. पुढच्या गुरुवारी सकाळी तुम्ही इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दुसऱ्या फेरीला बाकावर बसलात आणि उठला नाहीत.

तुमच्या तेराव्याला मी काकूंजवळ बसले होते. काकू एकसारख्या बोलत होत्या, रडून झालेल्या माणसासारख्या. मधेच माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, त्या मंगळवारी घरी आले तर किती हसत होते! म्हणे आज पोरांनी माझं हृदय ऐकलं. मी म्हटलं, अहो, पंधरा दिवसांपासून तुम्हाला जिना चढताना गरगरतंय, दाखवून घ्या ना डॉक्टरला. तर म्हणाले, काही नाही गं, आज स्पीकरवर ऐकलं सगळ्यांनी, मधेच जरा आवाज गेला तर देवरे मॅडम म्हणाल्या वायर आहे. त्यांना कळतं त्यातलं. मग मीही निर्धास्त झाले बघ." आणि त्यांनी माझा हात थोपटला. माझे आभार मानले त्यांनी. त्याच हाताने मी रेघ मारली होती, आणि तो मी त्यांच्या हातातून काढून घेऊ शकले नाही.

मला माहितीये तुम्ही आता काय म्हणाल. एखादा ठोका सुटणं पुष्कळ लोकांना होतं, त्याने कोणी मरतंच असं नाही. तुम्ही गेल्यावर मी विचारलं तर तुमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, दोन्हींचा संबंध असेलच असं नाही. मी बायोलॉजी शिकवते, मला हे कळतं. रात्रंदिवस मी स्वतःला हेच समजावते. पण सर, तुम्हीही तर हृदय शिकवत होतात, एकतीस वर्षं! तुम्ही का नाही गेलात? तुम्ही माझ्या वाक्याच्या आड का लपलात? सगळ्या वर्गाला जे ऐकलं ते लिहा म्हणणारा माणूस स्वतःचं का नाही ऐकत? मला तुमचा फार राग येतो. आणि मग वाटतं, त्या क्षणी तुम्हीही घाबरला असाल, आणि मी घाबरट आहे हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आपण दोघांनी एकमेकांना सोडवलं. घाबरली नाही ती एकटी वैशाली.

शनिवारी प्राचार्यांनी तुमच्या टेबलाची आवराआवर माझ्यावर सोपवली. तुमच्या हिरव्या पेनाच्या सह्या सुरुवातीच्या काही जर्नलांवर होत्या. मी वैशालीची वही शोधून काढली आणि ते पान उघडलं. मनात आशा होती की तुम्ही ते पाहिलं असेल, काही लिहिलं असेल, मला एखादा टोमणा तरी मारला असेल. काही नव्हतं. तिथपर्यंत तुम्ही पोचलाच नव्हतात. नुसती माझी लाल रेघ. खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, पान फाडावं आणि तिला म्हणावं, बाई, पाणी सांडलं, नवीन लिहून दे. ती काही बोलली नसती. तीन दिवसांपूर्वी दाराशी येऊन ती एवढंच विचारून गेली होती, "मॅडम, माझं जर्नल मिळंल का?"

मग मी पॅनल चालू केला. ती नोंद तिथेच होती, तुम्ही नाव दिलं होतं, "बोडके हृदय १." पुढे दोन करायचं तुमच्या मनात असणार. मी दार लावून घेतलं आणि बटण दाबलं. सर, भरदुपारी, उन्हात, खिडक्या उघड्या असताना मला इतकी भीती कधी वाटली नाही. तुम्ही या खोलीत होतात. लब-डब. टेबल थरथरत होतं. वायर हलली की खरखर येते, हे तुम्हीच मला शिकवलं होतं, आधीच्या चार मुलांच्या नोंदींत ती खरखर आहे. तुमच्या नोंदीत कुठेही खरखर नाही. ठोका सुटतो तिथे स्वच्छ शांतता आहे. मी तीनदा ऐकलं. माझं तोंड उघडेपर्यंत ऐकलं, "वायर हलली असेल," आणि तिथे थांबवलं. माझा आवाजही त्यात साठला आहे, किती ठाम वाटतो तो.

आज सकाळी तास घेतला. प्राचार्य म्हणाल्या होत्या, तयार व्हिडिओ लावा, पोर्शन उरका. मी तुमचा तो चिकटपट्टीवाला स्टेथोस्कोप काढला. काही मुली रडायला लागल्या. मी वैशालीचं जर्नल हातात घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, की हिने जे लिहिलं ते बरोबर होतं, मी ते खोडलं, आणि मी तेव्हाही ऐकलं होतं. वायर हलली नव्हती. लाल रेघेखाली मी लिहिलं, "निरीक्षण बरोबर. खोडणं चूक," आणि सही केली. तुमची सही जिथे यायची ती जागा मोकळी ठेवली.

मी चकती वैशालीच्या हातात दिली आणि म्हटलं, माझे मोज. तिने थंड चकती माझ्या गळ्याखाली धरली. सर, सगळी प्रयोगशाळा दणाणली. हिरवी रेघ थांबायलाच तयार नव्हती. मी डोळे मिटून सुटलेल्या ठोक्याची वाट बघत होते, एकेक ठोका, पुढचा येतो की नाही. सगळे आले. मुलांनी घड्याळ लावून मोजलं, एकशे अठरा. वैशालीने विचारलं, "मॅडम, येवढे लिवू?" मी म्हटलं, जे ऐकलंस ते. तिने लिहिलं आणि वही माझ्याकडे दिली. "देवरे मॅडम – ११८. नियमित. मॅडम घाबरल्या होत्या." शेवटचं वाक्य निरीक्षणात बसत नाही. परीक्षक हमखास बोट ठेवील. मी खाली सही केली.

आता पावणेचार झालेत. पिशवीत ते जर्नल आहे, वैशालीने एका दिवसासाठी दिलंय. तुमची ती नोंद पेनड्राइव्हवर घेतली आहे. ऐकायची की नाही ते काकूंनी ठरवावं, मी आग्रह करणार नाही. काकू मला घरात घेतील की नाही ठाऊक नाही. उद्यापासून त्या माझा हात धरतील की नाही, तेही नाही. त्या विचारतील, "तू ऐकलं होतंस?" आणि मला हो म्हणावं लागेल, आणि त्यापुढे काय होईल याचा मला काही अंदाज नाही. पण त्या चहा टाकतील, एवढं नक्की. तुमच्या घरी आलेल्या माणसाला त्या आधी चहा टाकतात. म्हणून दारातच सांगायचं ठरवलंय, चप्पल काढायच्या आधी. एकदा का त्यांच्या हातचा चहा घेतला, की पुन्हा माझ्या तोंडून वायरच निघेल.